ठमाबाईंचे तीन क्रेट

लासुर्ण्याच्या माळवस्तीवर दुपारी दोनच्या सुमाराला पेरूच्या शेडात गेलं, की आजही एक गोष्ट कानावर पडते. बाहेर टेम्पो उभा असतो. आत दहा-बारा बायका पेरू निवडत बसलेल्या असतात आणि त्यांच्या मधोमध, उपड्या क्रेटवर बसून, ठमाबाई पुस्तक वाचत असतात. घोडा उधळलेला असतो, पाठीमागं पंचवीस स्वार लागलेले असतात, समोर नदीला पाणी आलेलं असतं. बायकांचे हात पेरूवर आणि कान टापांवर. त्यात एखादी नवखी विचारते, "काकू, हे सगळं खरंच घडलंय व्हय?" तशा बाकीच्या तिच्यावर ओरडतात, "आदी क्रेट सांग, मग इचार!"

हे क्रेटाचं काय प्रकरण आहे, ते मुळापासून सांगायला हवं.

ठमाबाईंचं माहेर नरसिंहपूरचं. भीमा आणि नीरा जिथं एकमेकींना भेटतात, तिथल्या घाटावर त्या लहानाच्या मोठ्या झाल्या. सातवीपर्यंत शिकल्या, मग लग्न होऊन मानसिंगरावांच्या घरी माळवस्तीवर आल्या. सासूबाई वस्तीवरच्या महादेवाच्या देवळात दर श्रावणात पोथी वाचायच्या. त्यांना मोतीबिंदू झाला, तेव्हा त्यांनी सुनेला हाक मारली, पोथीचा शिसवी पाट तिच्यापुढं सरकवला आणि म्हणाल्या, "तुजा आवाज नदीकाठचा हाय. लांबवर जातोय. बस हितं." ही गोष्ट घडली, तोवर त्याला अठ्ठावीस श्रावण झाले होते. घरात लेकीचं बाळंतपण असो, अंगात ताप असो, ठमाबाईंनी एक दिवस नागा केला नाही. तो पाट त्यांच्या देवघरात देवांच्या शेजारी असतो आणि देवांबरोबरच त्याची पूजा होते.

पण या बाईला आणखी एक भूक होती, आणि ती लागली रद्दीमुळं.

पेरू डागाळू नये म्हणून कागदात गुंडाळतात. त्यासाठी बारामतीहून रद्दीचे गठ्ठे येत. एकदा गुंडाळता गुंडाळता ठमाबाईंचं लक्ष एका कागदावर गेलं. किल्ल्याचा चोरदरवाजा, हातात पलिता घेतलेला एक हेर, आणि बाहेर तोफ डागायला वेळ किती, तर पलिता विझेपर्यंत! खाली लिहिलेलं, "क्रमशः". त्यांनी सगळा गठ्ठा उपसला, पण पुढचा भाग काही सापडला नाही. तो आधीच कुठल्या तरी पेरूभोवती बसून वाशीच्या मार्केटला गेला होता.

"अवो, तो हेर मेला का जगला, काय कळंना," त्या रात्री जेवताना म्हणाल्या.

मानसिंगराव भाकरी मोडत म्हणाले, "वाशीला फोन लावू का? गाळ्यावर इचारतो."

अशी अर्धी गोष्ट घेऊन त्यांनी कितीतरी वर्षं काढली. मग लेक प्रतिक्षा बारामतीला एका कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला लागली आणि आईसाठी पुस्तकं आणू लागली. नुसता इतिहास नव्हे, नुसती गोष्टही नव्हे. इतिहासातली खरी लढाई, खरा किल्ला, आणि त्यात एखादा रचलेला वीर सोडून दिलेला. त्याच्याकडं गुप्त नकाशा, त्याच्यामागं मारेकरी. ठमाबाई ही पुस्तकं शेडात मोठ्यानं वाचू लागल्या. वस्तीवरच्या बायका इतर शेडांतलं काम सोडून मानसिंगरावांच्या शेडात यायला लागल्या.

पोथीचा एक नियम त्यांनी इथंही पाळला. पुढचं चोरून वाचायचं नाही. जे ऐकायचं, ते सगळ्यांनी मिळून.

गेल्या वर्षी ज्येष्ठात प्रतिक्षानं एक जाडजूड कादंबरी आणली. गोजरी नावाची जासूद बाई, मोगल बादशहाची भीमेकाठची छावणी, आणि त्या छावणीतून चोरलेला एक खलिता. सहाशे पानांचं ते वजन हातात धरून ठमाबाईंची मनगटं दुखायला लागली. घरात पाट रिकामाच होता, श्रावण लांब होता. त्यांनी पाट शेडात आणला आणि त्यावर कादंबरी ठेवून वाचायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी बायका चपला बाहेर काढून आत आल्या. तिसऱ्या दिवशी मनिषानं, वस्तीतल्या सगळ्यांत धाकट्या सुनेनंही, पदर डोक्यावर घेतला. सारजाआत्या तर बसायच्या आधी पाटाला हात लावून तो कपाळाला लावायच्या. आत्यांचं वय सत्तरीच्या पुढं, अक्षरओळख नाही, पण एकदा ऐकलेलं विसरणं त्यांना ठाऊक नव्हतं. ठमाबाईंना हे सगळं दिसत होतं. त्यांना ते आवडत होतं, हेही खरं. आवाज आपोआप पोथीच्या सुरात गेला. प्रकरण संपलं, की त्या हात जोडून पुस्तक मिटायच्या.

आषाढ लागला आणि गोष्टीत आणीबाणीचा प्रसंग आला. खांद्यात बाण घुसलेली गोजरी लासुर्ण्याच्या याच शिवारात पोचते. पाण्याच्या काठी एक एकटा दगड उभा. ती त्याला पाठ टेकते, खलिता पोटाशी धरते आणि डोळे मिटते. प्रकरण संपलं. शेडात पेरू तसेच पडून होते आणि बायका डोळ्यांना पदर लावत होत्या.

"पाण्याकाठचा एकटा दगड," सारजाआत्या हळूच म्हणाल्या, "आपल्या फाट्यावर हाय की गं!"

कॅनॉलच्या फाट्याच्या कडेला खरोखरच एक जुना दगड होता. अर्धा मातीत गेलेला, जनावरांनी अंग घासून गुळगुळीत झालेला. मंगळवारी आत्यांनी त्याला हळदी-कुंकू वाहिलं. शुक्रवारी मनिषानं खणानारळानं ओटी भरली. कुणीतरी हिरव्या बांगड्या ठेवल्या. मोबाईलवर फोटो फिरला आणि आठ दिवसांत वालचंदनगरहून लोक नारळ घेऊन यायला लागले, "गोजराईचं ठाणं कुठं हाय?" म्हणून विचारत.

ठमाबाईंना हे कळलं, तेव्हा गोजरी फक्त पुस्तकातली आहे, हे सांगायचं त्यांनी ठरवलं. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता दिवस गेले. आणि मग महिपतीतात्या फाट्यावर आले.

महिपतीतात्या म्हणजे देवळाचे पंच. त्यांचे वडील कॅनॉलवर पाटकरी होते, शेतांना पाण्याच्या पाळ्या वाटून द्यायचे. तात्यांनी त्या बांगड्या बघितल्या, नारळाच्या करवंट्या बघितल्या आणि मोटरसायकलवर बसूनच एवढ्या मोठ्यानं हसले, की अख्खी वस्ती गोळा झाली.

"अगं बायांनो! इंग्रजानं कॅनॉल काढला तवाचा हा मैलाचा दगड हाय! माजा बाप ह्याच्यावर बसून तंबाकू मळायचा. तुमची गोजराई बापाच्या बुडाखाली व्हती व्हय?"

सारजाआत्यांनी पदर तोंडावर ओढला. लोक हसले. वालचंदनगरचे पाहुणे नारळ तसाच पिशवीत ठेवून निघून गेले.

तात्या तिथून थेट शेडात आले. पाटावरची कादंबरी बघितली आणि त्यांचं हसू गेलं.

"वहिनी, ह्या पाटावर? देवाच्या पाटावर खोटंनाटं वाचलं तुमी? लोकांनी दगड पुजला तो ह्या पाटाच्या भरवशावर. यंदाच्या श्रावणात पोथी बावड्याचा बुवा वाचंल. पाट देवळात आणून द्या."

ठमाबाई कादंबरी पाटावरून उचलत काहीतरी पुटपुटल्या. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा तो नदीकाठचा आवाज शेजारच्या बाईलाही ऐकू गेला नाही.

दोन दिवस त्यांनी धड खाल्लं नाही. देवापुढं बसायच्या, पण पाटाकडं बघवत नव्हतं. गोजरी डोळे मिटून तशीच पुस्तकात पडून होती. शेडात बायका खाली मान घालून पेरू निवडायच्या. सारजाआत्या तर यायच्याच बंद झाल्या. मनिषा एवढंच म्हणाली, "काकू, सगळंच खोटं व्हतं तर आमाला रडीवलं कशाला?"

तिसऱ्या दिवशी ठमाबाई माल निवडत होत्या. निवडायची रीत ठरलेली. पहिल्या क्रेटात एक नंबरचा पेरू, कडक, बिनडागी, लांबच्या मार्केटला जाणारा. दुसऱ्यात थोडा कमी, जवळच्या बाजाराचा. तिसऱ्यात पिकून मऊ झालेला, जो जॅमच्या कारखान्याला जातो. एक पेरू हातात आला, वरून हिरवागार, पण बुडाला अंगठा लावला तर मऊ. ठमाबाई त्याच्याकडं बघत राहिल्या.

'हा पेरू खोटा हाय का?' त्या मनाशी म्हणाल्या. 'न्हाय. पण एक नंबरात टाकला, तर सगळा क्रेट नासंल. चूक पेरूची न्हाय. निवडणारीची हाय.'

त्यांनी तिथंच हात धुतले आणि सारजाआत्यांच्या दारात गेल्या.

"आत्या, माजं चुकलं. मी निवडून द्यायला पायजे व्हतं, मी ढीगच तुमच्या पदरात वतला. आता बसू सगळ्याजणी आन निवडू."

"आता कशाला गं ठमे? हसं झालं की माजं. नातवंडं बी गोजराई म्हणून हाका मारत्यात मला."

"म्हणूनच. हसणाऱ्याला दावायचं, की आमाला निवडता येतंय."

आत्यांनी चुलीतली लाकडं मागं ओढली. मग पदर खोचून उठल्या. "चल. पण पाट न्हाय पायजे मधी."

"पाट धुऊन पुसून देवघरात ठिवलाय," ठमाबाई म्हणाल्या. "मी क्रेटावर बसणार."

त्याच दिवशी त्या तात्यांकडं गेल्या आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या, "तात्या, दिव्याच्या अवसंला देवळात समदी येत्यात. तवा मला बोलू द्या. मग पाट न्यायचा तर न्या."

"काय बोलणार?"

"पुस्तकातलं खरं किती आन रचलेलं किती, ते निवडून दावणार."

तात्या मिशीतल्या मिशीत हसले. "दावा. पण एक चूक झाली, की पाट बुवाकडं. मग डोळ्यांत पाणी आणायचं न्हाय."

"न्हाय आणत."

मधे पंधरा दिवस होते. ठमाबाई एसटीनं बारामतीला गेल्या, लेकीच्या ग्रंथालयात जन्मात पहिल्यांदा टेबलाशी बसल्या. प्रतिक्षानं इतिहासाची चार पुस्तकं आणि जुना नकाशा काढून दिला. "आई, एकाच पुस्तकावर भरवसा ठेवू नकोस. दोन-तीन पुस्तकांत सारखं असेल, तरच पक्कं धर." ठमाबाईंनी वहीत उतरवून घेतलं. शेडात खडूनं तीन क्रेटांवर लिहिलं: घडलेलं, घडलं असंल, रचलेलं. मग गोष्टीतली एकेक गोष्ट चिठ्ठीवर लिहून बायका ती निवडू लागल्या आणि असे वाद घालू लागल्या, की टेम्पोवाला माल न्यायचा विसरून दारात ऐकत उभा राहायचा.

अवसेच्या दिवशी देवळात घासून पुसून लखलखीत केलेले दिवे ओळीनं मांडले होते. कणकेच्या दिव्यांचा वास सुटला होता. सगळी वस्ती जमली. पाट महादेवासमोर रिकामा ठेवला होता. ठमाबाईंनी देवाला नमस्कार केला, मग पाटाला, आणि लोकांकडं वळल्या.

"पयलं माजी चूक सांगते. गोष्टीचं पुस्तक मी ह्या पाटावर ठिवलं. पोथीचा सूर गोष्टीला लावला. माज्या बायकांनी इस्वास ठिवला तो पाटावर. त्यात त्यांची चूक न्हाय, माजी हाय. महादेवापुढं कबूल करते."

एवढं सरळ कबूल होईल, असं तात्यांनाही वाटलं नव्हतं. तेवढ्यात सारजाआत्या काठी टेकत उभ्या राहिल्या.

"आन दगडाचं मी सांगते. आमी चौघींनी नारळाच्या काथ्यानं तो घासला. इंग्रजी आकडा निघाला. तात्यांचं खरं. बांगड्या मी माज्या हातानं काढल्या आन दगड सरळ उभा केला. आता हसायचं त्यानं हसून घ्या, एकदाच."

कुणी हसलं नाही. तात्यांनी घसा खाकरला आणि ठमाबाईंनी बरोबर आणलेली कादंबरी हातात घेतली. मधूनच पान उघडलं. "भीमेकाठी ब्रह्मपुरीला बादशहाची छावणी. हे?"

"पयला क्रेट," मनिषा उठून म्हणाली. "चार वर्सं छावणी तितं व्हती. तीन पुस्तकांत सारखं हाय."

"गोजरी?"

"तिसरा!" सगळ्या बायका एकदम ओरडल्या. दिव्यांच्या ज्योती हलल्या.

"नरसिंहपूरच्या देवळाच्या दगडी पायऱ्यांत खलिता लपीवला. हे?"

"माजं माहेर हाय ते," ठमाबाई म्हणाल्या. "देवस्थान जुनं, ते पयल्या क्रेटात. पण आताचं दगडी बांधकाम पेशवाईतलं हाय, गोजरीच्या मागनं आलेलं. त्या पायऱ्याच तवा न्हवत्या, तर खलिता कुठला? तिसरा."

लोकांत कुजबूज सुरू झाली. मानसिंगराव मागं खांबाला टेकून उभे होते, त्यांनी हळूच टोपी सरळ केली. तात्या पुढं पानं उलटू लागले. आता त्यांना कुठं तरी पकडायचंच होतं.

"गोजरी घोड्यासकट हितल्या उसाच्या फडात लपली आन स्वार बाजूनं निघून गेलं. हे?"

"दुसरा," मनिषा म्हणाली. "घडलं असंल."

तात्या ताडकन उठले. "घडलं असंल? कसं घडंल? कॅनॉल यायच्या आदी हितं निसता माळ व्हता! बाजरी आन कुसळं! ऊस कुठनं आला?"

"इहिरीवर मोटंनं दोन गुंठं ऊस करत असतील की तवा," सारजाआत्या म्हणाल्या.

"दोन गुंठ्यात बाई लपंल! घोडं कसं लपंल? शेपूट बाहिर ऱ्हाईल की!"

देऊळ हसण्यानं दणाणलं. लहान पोरंसुद्धा टाळ्या पिटायला लागली. पण मनिषा पांढरीफटक पडली. हसू हळूहळू ओसरलं आणि सगळ्यांना आठवलं, एक चूक झाली, की पाट बुवाकडं. सारजाआत्यांनी ठमाबाईंचा हात घट्ट धरला.

ठमाबाई शांतपणे पुढं झाल्या. कमरेला खोचलेल्या चिठ्ठ्यांतून उसाची चिठ्ठी शोधली, पेन्सिलीनं तिच्यावरचा दोनाचा आकडा खोडला आणि तीन लिहिला.

"तात्यांचं बरोबर हाय," त्या म्हणाल्या. आवाज आता पुन्हा लांबवर जाणारा झाला होता. "आमी चुकलो. पुस्तकं आमी बघितली, पण ज्यांच्या बापानं हा माळ भिजताना बघितला त्यांना इचारलं न्हाय. माल एकदा निवडून भागत न्हाय, जाणत्याच्या हाताखालनं परत काढावा लागतोय. तुमच्या अटीनं मी हारले. पाट तुमच्यापुढं हाय. पण तात्या, आज तुमी बी निवडायला बसलासा, एवढं मात्र पयल्या क्रेटात!"

तात्यांनी पाटाकडं बघितलं, हातातल्या कादंबरीकडं बघितलं. त्यांच्या बोटानं नकळत एक पान धरून ठेवलं होतं, जिथं गोजरी दगडाला टेकून डोळे मिटते, ते पान. त्यांनी पुढचं पान उचलून अर्धी ओळ वाचली आणि झटकन पुस्तक मिटलं.

"आपली चूक चारचौघांत पुसती ही बाई," ते शेवटी म्हणाले, जणू स्वतःशीच. मग मोठ्यानं, "बावड्याच्या बुवाला म्या सांगतो, यंदा परसादाला या. पोथी आन पाट वहिनींकडंच ऱ्हातील."

सारजाआत्यांनी ठमाबाईंच्या तोंडावरून हात फिरवून कडाकड बोटं मोडली. बायकांनी "हर हर महादेव" केला, तो फाट्यापर्यंत ऐकू गेला असेल.

श्रावणातल्या पहिल्या दिवशी ठमाबाई एकोणतिसाव्या वर्षाच्या पोथीला पाटावर बसल्या. पहिल्या रांगेत तात्या, त्यांच्या शेजारी बावड्याचे बुवा, मान डोलावत. अध्याय झाला, आरती झाली. तीर्थ घेताना तात्या खाली वाकले आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं बघून म्हणाले, "वहिनी, शेडात किती वाजता?"

"दोनला. पण माल निवडावा लागंल हां, फुकट ऐकायचं न्हाय."

दोनला तात्या आले. बायकांनी सरकून त्यांना जागा दिली, मनिषानं पेरूचा ढीग पुढ्यात लोटला. चपला कुणी काढल्या नाहीत, पदर कुणी डोक्यावर घेतला नाही. उपड्या क्रेटवर बसून ठमाबाईंनी चष्मा लावला आणि तिथंच उघडलं, जिथं महिनाभर एक बाई दगडाला टेकून पडली होती.

सारजाआत्यांनी तिसऱ्या क्रेटातला एक पेरू उचलून पदराला पुसला आणि दाताखाली फोडला. "मार्केटला जात न्हाय," त्या म्हणाल्या, "पर ह्येच ग्वाड लागतंय."

ठमाबाईंनी वाचलं, "पहाटेच्या गार वाऱ्यानं गोजरीनं डोळे उघडले. खलिता तिच्या पोटाशी तसाच होता."

"जगली!" मनिषा किंचाळली.

"तिसरा क्रेट!" बायका ओरडल्या.

"गप बसा गं," तात्या म्हणाले, हातातला पेरू हातातच धरून. "फुडं वाचू द्या वहिनींना."